घर विकताना एजंटला आधीच पैसे द्यायचे का?

मानपाडाकर (रविवार, रात्री ९:२०)

डोंबिवली पूर्वेला आईच्या नावावर फ्लॅट आहे. वन बीएचके, तिसरा मजला, इमारत १९९१ ची, लिफ्ट नाही. आईला आता जिने चढवत नाहीत, ती माझ्याकडे नाशिकला आली आहे. फ्लॅट वर्षभर बंद आहे, मेंटेनन्स मात्र सुरू. म्हणून विकायचं ठरवलं.

शनिवारी एका साइटवर फुकटची जाहिरात टाकली. चहा गाळून होईपर्यंत पहिला फोन. संध्याकाळपर्यंत सतरा. त्यातले सोळा एजंट, एक इंटीरियरवाला. घर घेणारा एकही नाही.

बहुतेकांचं बोलणं ठरलेलं: व्यवहार झाला की एक किंवा दोन टक्के. पण दोघांनी आधीच पैसे मागितले.

पहिला आमच्याच गल्लीच्या तोंडावरचा एजंट. पाच हजार "फाइल चार्ज", पुढे एक टक्का. मी विचार करून सांगतो म्हटलं, तर त्याने थेट आईला फोन केला. तो तिला "काकू, मी लहानपणापासून तुम्हाला बघतोय" म्हणाला आणि आईने शेजारच्या मुलाकडून यूपीआयने पाच हजार पाठवूनही दिले. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसरी एक मोठी कंपनी. त्यांची मुलगी हिंदीत बोलली, मग "मराठीत बोलू का सर" म्हणत मराठीत आली. २१,००० अधिक जीएसटी, म्हणजे २४,७८०. नव्वद दिवसांचं पॅकेज. आणि म्हणे त्यांच्याकडे पार्टी तयार आहे, बँकेत मॅनेजर, बदली होऊन आलेत, कॅश डाउन (लोन न काढता) घेणार, फक्त आज रजिस्ट्रेशन झालं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर करार आला. सातव्या कलमात लिहिलंय, "सदर रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत केली जाणार नाही." व्यवहार करून देऊ असं कुठेच नाही, "प्रयत्न करू" असं आहे.

ब्रोकरेज म्हणजे काम झाल्यावर द्यायचे पैसे, एवढंच मला माहीत होतं. हे आधी देण्याचं प्रकरण कुणी केलंय का?

गप्पूशेठ (रविवार, रात्री ९:२६)

नाही. नाही. नाही. आणि आईच्या फोनमधलं यूपीआय बंद करा.

मानपाडाकर (रविवार, रात्री ९:३१)

आईच्या फोनमध्ये नाहीच हो. शेजारच्या मुलाच्या फोनमधलं बंद करायला मला तरी कुठे अधिकार आहे!

कर्वेरोड_अनघा (रविवार, रात्री १०:०५)

मी केलंय. पुण्यात, २०१९ मध्ये, सासऱ्यांचा फ्लॅट. अठरा हजार भरले होते. करारात "किमान तीन साइट व्हिजिट" असं होतं. मला वाटलं, तीन माणसं घर बघणार, त्यातलं एखादं तरी पटेल.

पहिल्या वेळी एक मुलगा आला. चपला न काढता दारातच उभा राहिला, हॉलचा एक फोटो काढला, त्यात भिंतीवरचं घड्याळ नीट येतंय ना हे दोनदा बघितलं आणि एका छापील फॉर्मवर माझी सही घेतली. स्वयंपाकघरात डोकावलासुद्धा नाही. पार्किंग कुठलं, पाणी किती वेळ येतं, मेंटेनन्स किती, काहीच विचारलं नाही. मी म्हटलं पाणी तरी घ्या, तर "नको मॅडम, अजून दोन व्हिजिट आहेत."

दुसऱ्या वेळी एक जोडपं. तिसऱ्या वेळी तेच जोडपं! बाईंनी ड्रेससुद्धा तोच घातला होता. मी म्हटलं अहो तुम्ही येऊन गेलात ना, तर त्या हसल्या. पुन्हा सही. करार पूर्ण.

नंतर फोन केला तर उत्तर मिळालं की सर्व्हिस डिलिव्हर झाली आहे, मुदत वाढवायची तर नऊ हजार. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्यांचं गिऱ्हाईक मी होते, घर घेणारा नव्हे. त्यांची विक्री पहिल्याच दिवशी होऊन गेली होती.

नीलिमा (रविवार, रात्री १०:१९)

ते घड्याळ जबरी आहे.

काळाकोट (सोमवार, सकाळी ८:४०)

कायद्याचं थोडं सांगतो, कारण यात दोन गोष्टी एकत्र होतात.

आपला भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यात एजन्सीचं अख्खं प्रकरण आहे. कलम २१९ चा मथितार्थ असा की वेगळा करार नसेल तर एजंटचं मानधन काम पूर्ण होईपर्यंत देय होत नाही. म्हणजे मानपाडाकरांना जे "माहीत होतं" ते नुसती रीत नाही, कायद्याची मूळ बैठकच तशी आहे. पण सुरुवातीचे शब्द बघा, "वेगळा करार नसेल तर". तुम्ही त्या पीडीएफवर सही केलीत की तो वेगळा करार झाला. कायद्याने दिलेली छत्री आपणच मिटून ठेवायची.

आता रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्प आणि एजंटांवरचा कायदा. लोकांचा समज असतो की एजंटचा रेरा नंबर आहे म्हणजे सगळं सुरक्षित. महारेराकडे (त्या कायद्याखालचं महाराष्ट्राचं प्राधिकरण) एजंटची नोंदणी लागते ती रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकण्यासाठी. २०२३ पासून त्यांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली, चांगलंच आहे. पण महारेराचं काम सुरू झालं मे २०१७ मध्ये. १९९१ च्या, सोसायटी होऊन बसलेल्या इमारतीतला रिसेल हा त्या चौकटीत बसत नाही. नंबर असलेला एजंट बरा, एवढंच. तुमच्या पाच हजारांचं भांडण महारेरात जाणार नाही.

ते जाईल ग्राहक आयोगात. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, पुष्कळदा तिथेच कंपन्या नमतात. नाही तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या सेवेच्या तक्रारीला फी नाही. वेळ मात्र लागतो.

करारात आणखी एक शब्द शोधा: "एक्स्क्लुझिव्ह". तो असेल तर नव्वद दिवसांत तुम्ही स्वतः शेजाऱ्याला घर विकलंत तरी त्यांचं कमिशन लागू शकतं.

मानपाडाकर (सोमवार, सकाळी ९:१५)

आहे! चौथ्या कलमात. मी "प्रीमियम" सारखा काहीतरी जाहिरातीचा शब्द समजून पुढे गेलो होतो.

चावीवाला (सोमवार, दुपारी १:५०)

मी ठाण्यात गेली सोळा वर्षं एजंट आहे. आता सगळे माझ्यावर तुटून पडतील, पण आमची बाजू पण लिहितो.

रिसेलमध्ये मालक एकाच फ्लॅटची माहिती दहा एजंटांना देतो. दहाही जण पार्टी फिरवतात, पेट्रोल जाळतात, रविवार घालवतात. ब्रोकरेज मिळतं एकाला. आणि कधी कधी तेही नाही. पार्टी घर बघून खाली उतरता उतरता मालकाचा नंबर घेते आणि दोघं मिळून आम्हाला कट मारतात. माझ्यासोबत असं कितीदा झालं ते मोजणं मी सोडून दिलं. माझा हिशोब सांगतो: दहा-बारा वेळा घर दाखवलं तर एखादी पार्टी बसते. पोर्टलवरच्या जाहिराती आम्हाला फुकट नसतात, वर्षाचं पॅकेज घ्यावं लागतं. ऑफिसचं भाडं, पोराचा पगार वेगळा.

म्हणून काही जण आधी थोडे घेतात. मी पण घेतो, सरसकट नाही. मालक परगावचा असेल, चावी माझ्याकडे असेल, घर झाडून घ्यायचं, बल्ब लावायचे, फोटो काढायचे असं काम असेल तर तीन-चार हजार घेतो आणि पावतीवर लिहून देतो की ब्रोकरेजमधून वजा. कारण एक रुपया न गुंतवलेला मालक उद्या सकाळी भाव पाच लाखांनी वाढवतो. गुंतवलेला जरा विचार करतो. हे चूक असेल तर सांगा.

पण साहेब, त्या कंपनीचं सांगतो. फोनवरच्या मुलीने डोंबिवली बघितलेली नसते. तुम्ही फुकट जाहिरात टाकली तिथून तुमचा नंबर गेला. तुमचे पैसे आले की तीच कंपनी आम्हाला फोन करते, "सर डोंबिवली ईस्टला वन बीएचके आहे, पार्टी आहे का?" शपथेवर सांगतो. बँक मॅनेजर वगैरे कोणी नसतो. कॅश डाउन घेणारा बँक मॅनेजर! त्याला तर स्टाफ लोन मिळतं, तो कॅश डाउन कशाला घेईल?

तुमच्या गल्लीतल्याचे पाच हजार मात्र लगेच बुडाले समजू नका. त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या की हे ब्रोकरेजमधून वजा होतील. दिलं तर माणूस ठीक. नाही दिलं तर कळलंच.

गप्पूशेठ (सोमवार, दुपारी २:०२)

एजंट करतात काय, एक दार उघडतात. त्याचे एक टक्का?

चावीवाला (सोमवार, दुपारी २:१०)

दार उघडणं सोपं आहे शेठ. पार्टीला टोकन देईपर्यंत दारात टिकवून ठेवणं अवघड. आणि टोकन दिल्यावर तिच्या मेहुण्याला गप्प करणं त्याहून अवघड.

स्लाऊची_मावशी (सोमवार, रात्री ११:३०)

इंग्लंडातून लिहिते. इथे हा वाद आमच्या घरोघरी झालेला आहे.

इथली जुनी पद्धत "नो सेल, नो फी". हाय स्ट्रीटवरचा, म्हणजे गावातल्या मुख्य बाजारातला, एजंट घर विकलं गेल्यावर टक्का-दीड टक्का घेणार, वर २० टक्के व्हॅट. मग दहाएक वर्षांपूर्वी ऑनलाइन एजंटांची लाट आली. ठरावीक रक्कम द्या, हजार पौंडांच्या आसपास, घर कितीही महाग असो. ऐकायला किती छान! पण ती आधी द्यायची, किंवा काही महिन्यांनी, आणि घर विकलं जावो न जावो द्यायचीच.

आम्ही २०२१ मध्ये असंच केलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांचा माणूस आला, घराची किंमत आम्ही मनात धरली होती त्याहून चढी सांगितली (कुणाला आवडणार नाही?), फोटो उत्तम काढले, आणि त्यानंतर अदृश्य. घर दाखवायचं काम आमचं. शनिवारी सकाळी मी फोडणीचा वास जावा म्हणून खिडक्या उघडून थंडीत कुडकुडत बसायची. कुणी ऑफर दिली तर अ‍ॅपवर निरोप यायचा. घासाघीस करायला कोणी नाही. शेवटी नव्वद दिवसांनी गावातल्या साध्या एजंटकडे गेलो, त्याने दोन आठवड्यांत ऑफर आणली, त्याला टक्का दिला. म्हणजे दोनदा पैसे दिले.

आणि आमचं नशीब म्हणायचं, कारण निदान कंपनी उभी होती. इमूव्ह नावाची ऑनलाइन एजन्सी डिसेंबर २०१८ मध्ये बुडाली, आणि आगाऊ पैसे भरून बसलेल्या लोकांची घरं विकायची राहून गेली. सगळ्यांत गाजलेली पर्पलब्रिक्स २०२३ मध्ये अक्षरशः एका पौंडाला विकली गेली. एक पौंड! (आमची कंपनी यातली नव्हे, गैरसमज नको.)

इथे एक बरं आहे. करार करायच्या आधी फी किती, कधी देय, "सोल एजन्सी" की "सोल सेलिंग राइट्स", हे सगळं लेखी देणं एजंटला बंधनकारक आहे. दुसऱ्या प्रकारात तुम्ही भावाला घर विकलंत तरी फी लागते, काळाकोट म्हणतात ते हेच. घरबसल्या किंवा ऑनलाइन सही केली असेल तर चौदा दिवसांत करार रद्द करता येतो. मात्र त्या चौदा दिवसांतच काम सुरू करा असं तुम्ही लिहून दिलंत तर झालेल्या कामाचे पैसे कापतात, आणि तो चौकोन फॉर्मवर हळूच असतो. प्रत्येक एजंट ओम्बड्समनसारख्या तक्रार योजनेचा सभासद असावाच लागतो.

स्कॉटलंडात वेगळंच. तिथे विकणाऱ्यानेच आधी खर्च करून होम रिपोर्ट, म्हणजे घराच्या स्थितीचा अहवाल, करून घ्यायचा असतो, २००८ पासून. त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण त्या पैशाचा कागद हातात येतो. आधी पैसे देऊन हातात काय येतं, एवढंच मी आता बघते.

ताळेबंद (मंगळवार, सकाळी ७:५५)

सीए आहे, दोनच ओळी. ब्रोकरेज कॅपिटल गेनमधून (विक्रीच्या करपात्र नफ्यातून) वजा मिळतं, पण त्या विक्रीसाठीच तो खर्च झाला हे दाखवता आलं पाहिजे. बिल हवं, बँकेतून गेलेले हवेत. एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर गेलेले पाच हजार, "थँक यू काकू" एवढ्या मेसेजवर, मी रिटर्नमध्ये घेणार नाही. आणि ज्या कंपनीने घर विकलंच नाही तिचे २४,७८० वजा मागितले तर वाद होऊ शकतो.

कुणी १८ टक्के जीएसटी लावला तर बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा. फुकट आहे, अर्धा मिनिट लागतं. नंबरच नसलेले लोक जीएसटी लावताना मी पाहिले आहेत.

नीलिमा (मंगळवार, सकाळी १०:२०)

जाता जाता. अशा फुकट जाहिरातींवर "मी आर्मीत आहे, घर न बघताच टोकन पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असेही फोन येतात. पैसे घेताना क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. आईंना आणि शेजारच्या मुलाला सांगून ठेवा.

मानपाडाकर (बुधवार, रात्री ८:४५)

सगळ्यांचे आभार. दोन बातम्या.

कंपनीच्या मुलीचा आज सहावा फोन. मी म्हटलं, "मॅनेजरसाहेबांना घेऊन या. व्यवहार झाला की एकवीसच्या जागी बेचाळीस हजार देतो, आत्ता लिहून देतो." पलीकडे क्षणभर शांतता. मग "सर, सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाहीये."

गल्लीतला एजंट मात्र ताठ निघाला. आधी म्हणाला, "काकूंचा विश्वास आहे, तुमचा नाही का?" मी रविवारी स्वतः गेलो की लिहून देतो म्हणाला.

चावीवाला (बुधवार, रात्री ९:३०)

जाताय तर एक विचारतो, पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. इमारतीला ओसी, म्हणजे महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, आहे का?

मानपाडाकर (बुधवार, रात्री ९:४४)

सेक्रेटरींना फोन केला. बांधकाम परवानगी आहे, ओसी नाही. "कुणाकडेच नाही या रस्त्यावर," असं समाधानाने म्हणाले.

चावीवाला (बुधवार, रात्री १०:१५)

मग तुमचा खरा प्रश्न हा आहे. वन बीएचके घेणारी पार्टी लोनवाली असते. ओसी नसलं की मोठ्या बँकांचे वकील फाइल परत करतात. मग उरतात काही सहकारी बँका आणि हाउसिंग फायनान्सवाले, व्याज जास्त. म्हणजे दहातल्या सात पार्ट्या घर आवडूनही गळणार. २४,७८० भरा नाहीतर ५०,००० भरा, टेलिकॉलर ओसी आणून देणार नाही.

तुम्ही रविवारी जाताय तर कपाट उघडा. बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे सगळे मूळ करार, म्हणजे चेन, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा आणि परवानगीची प्रत, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं काही देणं नसल्याचं पत्र. एक संच झेरॉक्स करून घ्या. त्याच इमारतीत गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी लोनवर घर घेतलंय का ते सेक्रेटरींना विचारा. ज्या बँकेने त्या फ्लॅटला लोन दिलं ती तुमच्या पार्टीलाही देण्याची शक्यता जास्त. ते नाव एजंटला सांगा. हे काम तुमच्या एजंटने पाच हजारांत करायला हवं होतं, खरं तर.

काळाकोट (गुरुवार, सकाळी ८:१०)

आणि सोसायटीने ट्रान्सफरच्या नावाखाली भलतं मागितलं तर लक्षात ठेवा, महापालिका हद्दीत फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटीने घ्यायच्या प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० आहे. "बिल्डिंग फंडाला ऐच्छिक देणगी" हा शब्दप्रयोग कानावर पडेल.

मानपाडाकर (साडेतीन महिन्यांनी, शनिवार, दुपारी ४:००)

बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून लिहितो. फ्लॅट विकला गेला. परवा कल्याणला नोंदणी झाली.

त्या रविवारी कपाट उघडलं तर मूळ करार सापडेना. दुपारभर शोधला. शेवटी आईला फोन केला तर म्हणाली, "तांदळाच्या डब्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत आहे, पूर येईल म्हणून वर ठेवलाय." तिसऱ्या मजल्यावर!

सेक्रेटरींकडून कळलं की दुसऱ्या मजल्यावरच्यांनी दोन वर्षांपूर्वी एका सहकारी बँकेचं लोन घेतलं होतं. झेरॉक्सचा संच आणि बँकेचं नाव गल्लीतल्या एजंटला दिलं. त्याने पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं, "५०००/- ब्रोकरेजमधून वजा", खाली सही आणि स्टँप. पुढच्या सात आठवड्यांत नऊ जणांना घर दाखवलं. चार जण जिने बघूनच खाली राहिले. घेतलं ते शेजारच्याच विंगमधल्या एका कुटुंबाने, मुलाचं लग्न ठरलं म्हणून जवळ घर हवं होतं. त्यांना ओसीची गोष्ट पाठ होती, त्यांचंही तेच.

आता तुम्ही म्हणाल, शेजारच्या विंगमधले होते तर एजंट कशाला? मीही तेच म्हटलं. पण बाबा होते तेव्हा पार्किंगवरून या दोन घरांत बोलणं बंद झालं होतं, त्यांनी आम्हाला थेट विचारलंच नसतं. तो एजंट दोन्ही घरांत लहानपणापासून जात होता. एक टक्का दिला, पाच हजार वजा करून, चेकने, बिल घेऊन. (ताळेबंद, बिलावर जीएसटी नव्हता, नंबरच नाही त्याच्याकडे, लावलाही नाही.)

कंपनीचा फोन अजून येतो. आता म्हणतात, फ्लॅट घ्यायचा आहे का सर.

स्लाऊची_मावशी (शनिवार, संध्याकाळी ६:१०)

अभिनंदन! पार्किंगचं भांडण मिटलं का मग?

मानपाडाकर (शनिवार, संध्याकाळी ६:२५)

आई नोंदणीला आली होती. त्यांच्या सूनबाईंसाठी खणाचं कापड घेऊन. त्यावरून काय ते समजा.

गप्पूशेठ (शनिवार, संध्याकाळी ६:३१)

ते सगळं राहू दे. भाव काय मिळाला?

मानपाडाकर (शनिवार, संध्याकाळी ६:४०)

खासगी निरोप पाठवतो.